बघायचे कसले पैसे?

ह्या वीकेंडला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे : आप्पांच्या गाडीचा आवाज. फोनवर तोच, जेवताना तोच, पाहुणे आले की त्यांनाही तोच. शेवटी मागच्या आठवड्यात त्याचा निकाल लागला, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू. गाड्यांमध्ये इंटरेस्ट नसलेल्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. गाडी फिरून शेवटी आपल्याच दारात येणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मेकॅनिकल इंजिनियर. म्हणजे डिग्रीवर तसं लिहिलंय! 2019 साली पास झालो, कॅम्पसला आयटी कंपनी आली आणि तेव्हापासून हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतोय. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांची हीच कहाणी. कॉलेजात डिफरन्शिअलची आकृती मी किमान दहा वेळा काढली असेल. क्राउन व्हील, पिनियन, सन गिअर, सगळं नावं देऊन, पेन्सिलीने, नीट. वायव्हाला विचारलं तेव्हा धडाधड उत्तर दिलं आणि एक्स्टर्नल खूष झाले होते. पण बिघडलेला डिफरन्शिअल कसा ओरडतो हे चार वर्षांत मला कोणी ऐकवलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

आता गाडी. सात सीटर डिझेल, चौदा वर्षं जुनी, मागच्या चाकांना ताकद देणारी. इंजिन पुढे, तिथून खालून लांबच लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या एक्सलच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा दिसतो त्यात डिफरन्शिअल असतो. त्याचं काम दोन : शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकांना देणं, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देणं. ही गाडी आप्पांसाठी शेतावरच्या मालाची आहे, लग्नकार्याची आहे, आणि गेल्या वर्षापासून दर महिन्याला आईला पुण्याला तपासणीसाठी न्यायची आहे. म्हणजे महिन्यातून एकदा सातारा-पुणे-सातारा, खंबाटकी घाटासकट.

जूनमध्ये आवाज सुरू झाला. चाळीसच्या स्पीडला हलकंसं "घूंऽऽ", साठला चांगलं "घुर्रर्र", आणि सत्तरला आईने विचारलं, "विमान कुठनं चाललंय?" आप्पांनी गाडी जवळच्या एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने नाक्यापर्यंत चक्कर मारली आणि निदान सांगितलं, "आप्पा, डिफ्रेंशल गेला." दोन दिवसांत काम झालं. पिनियनच्या बेअरिंग बदलल्या, सील बदललं, ऑइल बदललं. बिल चौदा हजार.

आवाज? होता तसाच. वर एक नवीन आवाज बोनस मिळाला. बारीक, शिट्टीसारखा, "ऊंईंऽऽ". परत गेल्यावर उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. नाहीतर क्राउन-पिनियनचा सेटच बदलून टाकू, म्हणजे कटकटच मिटेल." ह्या कटकट मिटवण्याचा आकडा वीस हजारांच्या वर होता.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला असं लिहायला मला आवडलं असतं. पण जागे झाले ते आप्पा. त्यांना कोणीतरी एमआयडीसीजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. शनिवारी मी घरी होतो म्हणून मीच गाडी घेऊन गेलो.

मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होते. मी म्हटलं, "मागनं आवाज येतोय. डिफरन्शिअलचं काम झालंय, पण फरक नाही." ते उठलेसुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून विचारायला लागले.

"आवाज गाडीच्या स्पीडबरोबर वाढतोय का इंजिनाच्या रेसबरोबर?"

"स्पीडबरोबर... बहुतेक."

"अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर वाढतो का सोडल्यावर?"

"बघितलं नाही."

"डावीकडं वळवल्यावर वाढतो का उजवीकडं?"

"लक्ष नाही दिलं."

"रस्ता बदलला की बदलतो का? खडबडीतावर येगळा, गुळगुळीतावर येगळा?"

मी गप्प. मिस्त्री म्हणाले, "मग दादा, मी काय बघू? आदी ऐकून या."

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी भयंकर लाज वाटली. ऑफिसात कोणी नुसतं "अ‍ॅप चालत नाही" एवढंच लिहून तिकीट टाकलं की मी ते तोंड वाकडं करून परत पाठवतो. कुठल्या स्क्रीनवर? काय केल्यावर? प्रत्येक वेळी की कधीकधी? आणि इथे मी स्वतः "मागनं आवाज येतोय" असलं तिकीट घेऊन आलो होतो!

पुढच्या मंगळवारी आईची तपासणी होती. रजा टाकली आणि स्टिअरिंगवर मी बसलो. ह्या वेळी रेडिओ बंद, काचा बंद आणि आईला गप्प बसायची विनंती (ती अर्धीच मान्य झाली). पुण्याहून परत येताना खंबाटकी चढायला लागलो आणि लक्षात आलं की असला आवाज शोधायला ह्यापेक्षा चांगली लॅब शोधून सापडणार नाही. चढावर पाय दाबलेला, म्हणजे इंजिन चाकांना ढकलतंय. उतारावर पाय सोडलेला, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत. मधे डावी-उजवी वळणं. मिस्त्रींचे प्रश्न घाट स्वतःच एकेक करून विचारत होता.

उत्तरं अशी मिळाली. जुनं "घुर्रर्र" चढावर जेवढं, उतारावरही तेवढंच. पाय दाबा, सोडा, त्याला पत्ता नाही. पण डावं वळण आलं की ते वाढायचं आणि उजव्या वळणाला जवळजवळ नाहीसं व्हायचं. नवीन शिट्टी मात्र फक्त चढावर. पाय काढला की गायब.

दोन आवाज, दोन वेगळे स्वभाव. ह्याचा अर्थ जरा नीट सांगतो, कारण हे कॉलेजच्या पुस्तकात असं मांडलेलं मला तरी सापडलं नाही.

डिफरन्शिअलमध्ये पिनियनचे दात क्राउनच्या दातांवर घासत फिरतात. ताकद इंजिनाकडून येते तेव्हा दाताची एक बाजू काम करते, आणि पाय सोडला की भार दुसऱ्या बाजूवर जातो. त्यामुळे दातांचा आवाज हा नेहमी अ‍ॅक्सिलरेटरशी बांधलेला असतो. दाबल्यावर येणार किंवा सोडल्यावर येणार, किंवा निदान दोन्हीत वेगळा ऐकू येणार. पाय दाबताना किंवा सोडताना "टक्" असा एकच ठोका येत असेल तर दातांमधली फट जास्त झालेली असते, किंवा शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो. आणि डिफरन्शिअलमधले छोटे गिअर तर सरळ रस्त्यावर जवळपास स्वस्थच असतात. ते वळणावरच खऱ्या अर्थाने फिरतात, त्यामुळे त्यांचा आवाज फक्त वळताना, तोही गाडी हळू असताना आणि वळण आवळ असताना.

चाकाच्या बेअरिंगला ह्यातलं काहीच कळत नाही. त्याला कळतं ते वजन. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या बाजूला जातो (बसमध्ये आपण जातो तसाच), म्हणून डाव्या वळणाला ओरडणारं बेअरिंग बहुतेक वेळा उजव्या चाकाचं असतं. हेन्री टिमकेन नावाच्या अमेरिकन घोडागाडीवाल्याने 1898 मध्ये तिरप्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, ते ह्याच दुखण्यापायी. सरळ जाताना वरून येणारं वजन आणि वळताना आडवा येणारा रेटा, चाकाला दोन्ही सोसावे लागतात.

तिसरा संशयित टायर. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा ओरडतो. पण तो रस्ता ओळखतो. खडबडीत सिमेंटवरून गुळगुळीत डांबरावर आलात की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा नाही. शंका असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघायचं. आवाज पुढे सरकला तर चोर सापडला. फुकटात!

इंजिन आणि क्लच वगळायला अजून एक युक्ती आहे. सपाट, मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून ऐकायचं. इंजिनाचा रेस खाली येतो. आवाज तसाच राहिला तर तो मागचा. (घाटात, उतारावर हे चुकूनही करू नका. इंजिनाचा ब्रेक जातो आणि मग आवाज ऐकायला आपण राहत नाही.)

घरी आल्यावर मला राहवलं नाही, म्हणून गणितही करून पाहिलं. टायर 215/75 आर 15, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण 2.2 मीटर जाते. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साडेसात फेऱ्या मारतं. क्राउनला 41 दात. 41 गुणिले साडेसात, म्हणजे सेकंदाला साधारण 310 वेळा दात दाताला भेटतो. ती आमची शिट्टी. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये शिखर जवळपास तिथेच दिसलं! उलट बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात खड्डा पडला असेल तर चाकाच्या एका फेरीत एकूण गोळ्यांपैकी साधारण 40 टक्के त्यावरून जातात. नऊ गोळ्या धरल्या तर सेकंदाला 27 ठोके. ते "घुर्रर्र". मिस्त्रींना ह्यातलं काही माहीत नसेल, पण "बारीक आवाज दाताचा, जाडा आवाज बेरिंगचा" हे ते माझ्या आकडेमोडीआधीच बोलून गेले होते. :-)

शनिवारी परत गेलो आणि उत्तरं सांगितली. मिस्त्री फक्त म्हणाले, "मागचं उजवं." तरी ताबडतोब खोललं नाही. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागची दोन्ही चाकं उचलून एक्सलखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर कोणाला हात घालू देत नाहीत. मग पोराला डावं चाक हाताने फिरवायला सांगितलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक्सलच्या टोकाशी, मूठ कानाशी. काही नाही. उजवीकडे तेच केलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. आत कोणीतरी वाळू दळत होतं.

एक्सल ओढून काढला तेव्हा बेअरिंगवर गंज आणि खड्डे स्पष्ट दिसत होते. कारण पावसाळा. चालून तापलेलं हब पाण्याने भरलेल्या खड्ड्यात एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेच सील फाटल्यामुळे गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोचायला सुरुवात झाली होती. आणि अशा एक्सलमध्ये चाक जागेवर धरून ठेवायचं कामही त्या बेअरिंगचंच असतं. ते पूर्ण फुटलं तर एक्सल चाकासकट बाहेर सरकू शकतो. हे घेऊन आम्ही दोन महिने आईला घाटातून नेत-आणत होतो, डोक्यात "डिफरन्शिअलचं काम झालंय" असं समाधान ठेवून.

नवीन शिट्टीचं कारणही मिस्त्रींनी सांगितलं. क्राउन आणि पिनियन ही जोडी असते. त्यांच्या दातांमधली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत बसवावी लागते, दातांना रंग लावून ठसा बघावा लागतो. चौदा वर्षं एकमेकांवर मुरलेली जोडी विनाकारण खोलली, पुन्हा बसवताना जागा जराशी हलली, आणि ती ओरडायला लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर नसलेला बग फिक्स करताना नवीन बग प्रॉडक्शनला गेला.

बिल? बेअरिंग, सील, लायनर, मजुरी सगळं मिळून बत्तीसशे. मी विचारलं, "आणि शोधायचे?"

मिस्त्री हसले. "बघायचे कसले पैसे दादा?"

घरी आल्यावर आप्पाही तेच म्हणाले. "बघायचे कुठं पैसे असतात होय?"

आणि मंडळी, माझं म्हणणं आहे ते इथेच. चुकीचं निदान करणाऱ्याने आमच्याकडून चौदा हजार कमावले. बरोबर निदान करणाऱ्याने बत्तीसशेचं बिल केलं, त्यातही बराचसा पैसा पार्टचा. म्हणजे ज्याचा कान पक्का तो गरीब, आणि जो अंदाजाने खोलतो तो श्रीमंत. ही व्यवस्था कोणी बनवली? आपणच. आपण बदललेल्या पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग मेकॅनिकने पार्ट बदलायचे नाहीत तर काय करायचं? त्याच्या पोटाचा रस्ता पार्टवरूनच जातो. उद्या डॉक्टरने तपासायची फी सोडून दिली आणि फक्त गोळ्यांवर कमवायचं ठरवलं, तर आपल्याला किती गोळ्या मिळतील ह्याचा विचार करा.

गंमत म्हणजे कॉम्प्युटर लावला की आपण निमूट पैसे देतो. स्कॅनिंग चार्ज म्हणून पाचशे रुपये लावले तर कोणी भांडत नाही, कारण मशीन दिसतं. पण असल्या जुन्या गाडीच्या मागच्या बेअरिंगला सेन्सरच नाही, स्कॅनर तिथे आंधळा. तिथे लागतो तो चाळीस वर्षं तयार केलेला कान, आणि कान दिसत नाही म्हणून त्याचं बिल नाही. आम्ही आयटीवाले तर ह्यात सर्वात मोठे ढोंगी. एका ओळीचा बदल करायला दोन दिवस लागले, तर ते दोन दिवस शोधण्यात गेले असं क्लायंटला छातीठोकपणे सांगतो आणि तासावर बिल लावतो. तेच आपण गॅरेजमध्ये म्हणतो, "एवढंसं बेअरिंग तर बदललं, इतके पैसे कसले?"

कोणी म्हणेल, बघायचे पैसे दिले म्हणून निदान बरोबरच येईल कशावरून? येणार नाही, मान्य. चुकीचं निदानही फी घेऊन मिळू शकतं, डॉक्टरांकडेही मिळतंच की. पण फी दिली की एक गोष्ट होते, प्रश्न विचारायचा हक्क मिळतो. "हे डिफरन्शिअलच कशावरून? बेअरिंग नाही हे कसं तपासलं?" चौदा हजारांच्या आधी हा एक प्रश्न आम्ही विचारला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. आणि शोधण्यातच चार पैसे सुटतात म्हटल्यावर त्या गॅरेजवाल्यालाही नाक्यावरून परत फिरायची घाई झाली नसती. तो माणूस चोर होता असं मला आजही वाटत नाही. त्याला ऐकत बसायचे पैसेच मिळत नव्हते.

दुसरी बाजू आपली. नुसती फी देऊन भागत नाही, आवाज नीट ऐकून जायचं कामही आपलंच आहे. नाक्यापर्यंतच्या चकरेत जे कळत नाही ते रोज चालवणाऱ्याला कळतं. कुठल्या स्पीडला, पाय दाबून की सोडून, कुठल्या वळणाला, कुठल्या रस्त्यावर. एवढी चार उत्तरं कागदावर लिहून गॅरेजला गेलात तर निम्मं निदान तुमच्या खिशात असेल.

असो. त्या दिवशी मी पाचशेची नोट बिलावर जास्तीची ठेवली. मिस्त्रींनी दोनदा परत सरकवली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "हे ऐकायचे आहेत." तेव्हा घेतली आणि पोराला म्हणाले, "चहा सांग रे दादांना." आप्पांना अजून हे पटलेलं नाही. त्यांच्या मते मी पाचशे रुपये वाया घालवले.

"घुर्रर्र" गेलं. शिट्टी आहे. तिच्याने लगेच धोका नाही म्हणून मिस्त्रींनी हात लावला नाही, ऑइलवर आणि आवाज वाढतोय का ह्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. परवा खंबाटकी चढताना ती पुन्हा लागली, "ऊंईंऽऽ". मागे बसलेल्या आईने विचारलं, "हे आता काय?"

आप्पा म्हणाले, "काय नाय. चौदा हजाराची शिट्टी."